बारशाआधी पाटी

“दुकानाची पाटी रंगून आली म्हणं,” आक्का म्हणाल्या, “आन् लेकराचं बारसं अजून व्हायचंच हाय.”

आमच्या आणि आक्कांच्या अंगणांच्या मध्ये शहाबादी फरशा उभ्या पुरलेल्या आहेत, छातीइतक्या उंच. वर कोपर टेकता येतं, निवडायचं ताट ठेवता येतं, वाटी इकडची तिकडे करता येते. तिथं विटांची भिंत घालायचं आमच्या घरी एकदा निघालं होतं. दोन्ही अंगणांतून विरोध झाला, विषय मिटला.

“पाटीवर नाव काय टाकलं?” मी विचारलं. ठाऊक होतं, तरी विचारलं. गप्पांत आधीच ठाऊक आहे असं दाखवलं की समोरचीचा हुरूप जातो.

“लेकीचंच टाकलं की! आत्या यायची हाय, कानात सांगायची हाय, पाळणा म्हणायचा हाय. आन् ह्या पोरानं पेंटरला आधी सांगून ठिवलं. ते बी कानडीत, ह्ये एवढं मोठं. खाली मराठीत बारीक.”

कन्नड मोठं असणारच. पाटीवर साठ टक्के कन्नड हवं असा कर्नाटकात २०२४ पासून कायदाच आहे. म्हणजे मराठी घरातल्या त्या पोरीचं नाव या जगात पहिल्यांदा लिहिलं गेलं ते कन्नडात, तेही तेलकट रंगानं, पत्र्यावर. आक्कांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. मास्तरांनी, म्हणजे त्यांच्या मालकांनी, येता-जाता वाचून दाखवलं, तेव्हा कळलं. मी नाव इथं लिहीत नाही. आत्यानं कानात सांगायच्या आधी मी छापून मोकळी झाले तर ती मला सोडायची नाही, आणि आत्या कोण आहे हे आमच्या गल्लीला चांगलं माहीत आहे.

पोरगा कोपऱ्यावरच्या काकूंचा. वय तिशीच्या आत-बाहेर. आमच्या चिटगुप्प्याची पोरं पोटासाठी पुण्याला जातात, पण त्याहून जास्त हैदराबादला. हमरस्ता हुमनाबाद, मन्नाखेळी करत सरळ तिकडंच धावतो, आणि आजोबा-पणजोबा निजामाच्या राजवटीतले, त्यामुळं परकं कोणालाच वाटत नाही. हा तिथं एका कपड्याच्या दुकानात माल मोजायला होता. सोळा हजार पगार, त्यातले पाच खोलीला. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, उदगीरला गेलेली. लेक झाली, तसा हा चार दिवसांची रजा टाकून आला आणि नऊ दिवस राहिला. मालकानं पाच दिवसांचा पगार कापला.

“केंद्र सरकारच्या नोकराला पंधरा दिवसांची पितृत्व रजा असते,” मास्तर आतून म्हणाले. मास्तर आतूनच बोलतात. बाहेर येऊन बोलले तर गप्पा मारल्यासारखं होईल.

“हा काय सरकारी हाय का?” आक्का.

“नाही. खाजगीत बापाला रजा द्या असा कायदा नाही. आईला सव्वीस आठवडे आहेत.”

“कुठल्या आईला? माझ्या सुनेला शेतात दिली का कुणी?”

मास्तर गप्प झाले. असो. तर पगार कापल्याचा राग पोराच्या डोक्यात गेला. परत गेला, महिनाभर राहिला, आणि एक दिवस गादी-बादली घेऊन गावात उतरला. म्हणाला, दुसऱ्याचे शर्ट मोजत बसणार नाही, स्वतःचा धंदा करणार.

धंदा कसला, तर कडक भाकरीचा.

यात हसण्यासारखं काही नाही, असं मी आक्कांना सांगितलं, तरी त्या हसल्याच. कारण आमच्याकडे भाकरी विकत घेणं म्हणजे घरात बाई नाही असं समजतात. पण बाहेर तसं राहिलेलं नाही. तिकडं कलबुर्गीत तर जिल्हा प्रशासनानंच बचत गटांच्या बायकांना धरून ‘कलबुर्गी रोट्टी’ म्हणून ज्वारीच्या भाकरीचा ब्रँड काढला. पोरानं ते फोनवर पाहिलं. हमरस्त्यावर ढाबे आहेत. हैदराबादेत आपल्याकडची माणसं भाकरीसाठी जीव टाकतात. आणि वेळा अमावास्येला त्यानं चाचणीही घेतली. त्या दिवशी लातूर, बीदर, कलबुर्गी सगळा मुलूख शेतात जेवायला बसतो, भज्जी आणि आंबील आणि सज्जाच्या, म्हणजे बाजरीच्या, तीळ लावलेल्या भाकऱ्या. शहरात राहणाऱ्यांना थापायला वेळ नाही, त्यांनी याच्याकडून भाकऱ्यांच्या चळती नेल्या.

“वेळा अमावास्या वर्साला किती येत्यात?” आक्कांनी विचारलं.

“एकच.”

“मग?”

प्रश्न खरा होता. पण मला त्यापेक्षा दुसराच पडला होता. त्या चळती थापल्या कोणी? पोरानं नाही. त्यानं पिशव्यांत भरल्या आणि मोटारसायकलवरून पोचवल्या. थापल्या त्याच्या आईनं आणि शेजारच्या दोघींनी. शेवटच्या दिवशी सूनबाईसुद्धा बसली म्हणतात. उदगीरहून येऊन तिला पंधरवडा झाला नव्हता. अंगावर बाळ, डोक्याला फडकं, आणि समोर चुलीची धग. माझ्या आईनं पाहिलं असतं तर काठी घेऊन आली असती. बाळंतिणीनं शेक घ्यायचा तो शेगडीचा, खाटेखाली, तव्याचा नव्हे.

“अगं, तुला एक सांगते,” आक्कांनी आवाज खाली आणला. त्यांचा आवाज खाली आला की तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जातो. “तिच्या गळ्यात बघितलीस का? वाट्या न्हाईत. नुसते काळे मणी हायत.”

मी पाहिलं होतं. सगळ्यांनी पाहिलं होतं. एप्रिल २०२५मध्ये सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेलं, तेव्हापासून गल्लीतल्या बायका एकमेकींच्या गळ्याकडे जरा जास्तच बघतात. वाट्या बँकेत आहेत. बाळंतपण सिझेरियनचं झालं, दवाखान्याचं बिल माहेर-सासर दोघांनी वाटून घेतलं, आणि सासरचा वाटा वाट्यांतून गेला. उरलेल्यात भाकरीच्या मशीनचा बयाणा दिला. मशीन पुढल्या महिन्यात येणार. पीठ मळून देतं, गोळे करतं, दाबून चकती देतं. भाजायचं तव्यावर, माणसानंच.

आता पैशाचं आमच्या बॉर्डरवर कसं आहे ते बघा. ह्या सूनबाईची आई उदगीरला, म्हणजे महाराष्ट्रात. ती लाडकी बहीण. महिन्याला पंधराशे, जुलै २०२४पासून. सासू इकडं कर्नाटकात गृहलक्ष्मी. महिन्याला दोन हजार, ऑगस्ट २०२३पासून. कधी वेळेवर, कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम. गृहलक्ष्मी रेशनकार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला मिळते आणि २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यानं ती प्रमुख म्हणजे घरातली सगळ्यांत मोठी बाई. म्हणजे सासूच. मधली ही पोरगी लग्न होऊन सीमा ओलांडून आली. तिकडची बहीण उरली नाही, इकडची लक्ष्मी झाली नाही. इकडची मुलगी तिकडं नांदायला गेली असती तर नवऱ्याच्या रहिवाशी दाखल्यावर तिला लाडकी बहीण होता आलं असतं. इकडं आलेलीनं सासू असेपर्यंत वाट बघायची. हे मी बोलले तर आक्का म्हणाल्या, “असं सासूच्या जिवावर उठू नगं.”

एसटीचंही तेच. विहीणबाई नातीला बघायला येतात तेव्हा महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत बायकांना अर्धं तिकीट, पुढं पुरं. इकडच्या बसमध्ये बायकांना फुकट, पण कर्नाटकचा पत्ता दाखवला तर. विहीणबाईंनी एकदा कंडक्टरला नातीचा फोटो दाखवून पाहिला. नात चिटगुप्प्याची आहे म्हणाल्या. कंडक्टर हसला आणि तिकीट फाडलं.

नातीचा तरी जन्म कुठं इकडं झाला! जन्मदाखला उदगीरचा. मुलीला टप्प्याटप्प्यानं लाखभर देणारी महाराष्ट्राची लेक लाडकी योजना आहे, ती तिथल्या रहिवाशांना. ही तिथं फक्त जन्मली. पहिल्या बाळंतपणाचे केंद्राचे पाच हजार, मातृवंदनेचे, दोन्हीकडं मिळतात; ते अडकले कारण आईच्या आधारवर अजून माहेरचा पत्ता. बापाला इतकं मात्र सुचलं की पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं काढलं. वर्षाला कमीत कमी अडीचशे भरावे लागतात. त्यानं अडीचशेच भरले. पण भरले.

“म्हंजे जीव हाय लेकीवर,” आक्का म्हणाल्या.

जीव आहेच. तो नाही असं मी म्हणतच नाही. संध्याकाळी पोरीला खांद्यावर टाकून गल्लीत फेऱ्या मारतो. आमच्या वेळचे बाप लेकरू रडायला लागलं की पारावर निघून जायचे. हा फेऱ्या मारतो आणि एका हातानं फोनवर मशीनचे व्हिडिओ बघतो. पोरगी ते व्हिडिओ ऐकूनच झोपते म्हणे.

मास्तरांना तेवढ्यात किर्लोस्कर आठवले. मास्तरांनी मराठी शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, त्यांना कोणत्याही विषयावर किर्लोस्कर आठवतात. पण ह्या वेळी ते बरोबर जागी आठवले. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे, बढती नाकारली गेली म्हणून नोकरी सोडली. भाऊ रामूअण्णांसोबत बेळगावात १८८८ साली काढलेलं सायकलींचं दुकान होतं. मग कडबा कापायची यंत्रं, मग नांगर. पहिला लोखंडी नांगर १९०३ सालचा. आणि त्याच साली, २८ मे १९०३ला, सोलापुरात मुलगा झाला, शंतनुराव.

“म्हणजे नांगर आणि लेकरू एकाच वर्षी!” मास्तर आता दारात आले होते. “आणि नांगर विकायला दोन वर्षं लागली. लोखंडानं जमिनीत विष भिनतं म्हणून शेतकरी हात लावत नव्हते. पुढं बेळगावची जागा सोडावी लागली, १९१०. तेव्हा औंधच्या राजानं कुंडलजवळचा माळ दिला, दहा हजार कर्ज दिलं, आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे पोरगं त्यातलंच आहे. धीर धरा.”

“दोन वर्सं नांगर विकला न्हाई,” आक्का म्हणाल्या, “तवर लेकराला दूध कुठून आणलं?”

मास्तरांना ते ठाऊक नव्हतं. किर्लोस्करांबद्दल ते इतकं वाचतात, पण त्या दोन वर्षांत राधाबाईंनी घर कसं रेटलं हे त्यांनी कधी शोधलेलं नाही. लक्ष्मणरावांपाशी तरी भाऊ होता आणि चालू दुकान होतं. आमच्या ह्या पोराला औंधचा राजा कुठून मिळणार?

तर राजा म्हणजे आम्हीच. मी आणि आक्का आणि आणखी बाराजणी.

हे आधी सांगायला हवं होतं, पण गप्पांत मुद्दा नेहमी उशिराच येतो. कोपऱ्यावरच्या काकू आमच्या महिला संघात आहेत. बीदरच्या डीसीसी बँकेनं असे संघ नव्वदीच्या दशकात बांधायला घेतले. गुरुपादप्पा नागमारपल्ली अध्यक्ष होते, बँकेचं नाव त्यापायी देशभर झालं. बाहेरगावची माणसं शिकायला यायची. पद्धत साधी आहे. बँक एकटीदुकटीला देत नाही, संघाला देते. संघ आपसांत वाटतो. एकीनं बुडवलं की पुढच्या वेळी सगळ्यांचं अडतं. काकूंनी मशीनसाठी साठ हजार मागितलेत. पुढल्या बैठकीत ठराव आहे, आणि ठरावावर आमच्या सह्या.

म्हणून वाट्या गळ्यात आहेत की बँकेत, पोरगा सकाळी कितीला उठतो, ढाबेवाला पैसे रोख देतो की पंधरा दिवसांनी, हे सगळं आम्हाला कळायला हवं. लोक म्हणतात बायका कुंपणाला टेकून चकाट्या पिटतात. बँकेचा साहेब येऊन फॉर्म भरून घेतो, पण त्याला गळ्यातले मणी मोजता येत नाहीत.

“मुद्रा काढ म्हणावं त्याला,” मी म्हटलं. “शिशूत पन्नास हजारापर्यंत विनातारण मिळतं.”

“फॉर्म भरलाय म्हणं. आज या, उद्या या चाललंय.”

“आणि ती खाद्यउद्योगाची?”

ती योजना पोराला तोंडपाठ आहे. खर्चाच्या पस्तीस टक्के अनुदान, दहा लाखांपर्यंत. पण ऐकणाऱ्याला वाटतं पैसे हातात पडतात. तसं नाही. आधी बँकेनं कर्ज द्यायचं, अनुदान येऊन कर्जखात्याशी पडून राहायचं आणि तीन वर्षं हप्ते नीट गेले की मग वळतं व्हायचं. त्याच योजनेत संघातल्या बाईला चाळीस हजारांचं बीजभांडवलही आहे, संघामार्फत. बाईला. बाप्याला नाही. मी ह्या पोराच्या धंद्याचा हिशेब बोटांवर करून पाहिला. वाट्या बायकोच्या. चाळीस हजार मिळालेच तर आईच्या नावावर. साठ हजार आईच्या नावावर. घरखर्चाचे दोन हजार आईचे. वरचा किराणा विहीणबाईंच्या पंधराशेतून पिशवी भरून येतो, तो वेगळा. पाटीवर नाव लेकीचं. आणि व्हिजिटिंग कार्ड छापलंय त्यावर ‘मालक’ म्हणून कोण, ते मी सांगायला नको.

“त्यो फिरतो की वणवण,” आक्का म्हणाल्या. त्यांचा मुलगाही एकेकाळी असाच फिरला होता, त्यामुळं त्यांची नजर मऊ पडते.

“फिरू दे की. पण संघानं नाही म्हटलं तर तो फायनान्सवाल्याकडं जाईल, हे ध्यानात घ्या.”

ह्यावर दोघी थोडा वेळ बोललो नाही. फायनान्सवाले म्हणजे काय ते ह्या गल्लीनं पाहिलंय. आठवड्याला हप्ता, चुकला की दारात येऊन बसायचं, लेकरांसमोर बोलायचं. कर्नाटकात त्यापायी इतके जीव गेले की सरकारला १२ फेब्रुवारी २०२५ला वटहुकूम काढावा लागला. परवाना नसलेल्यानं छळून वसुली केली तर दहा वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. कायदा आला हे चांगलंच झालं. पण हप्त्याच्या दिवशी दाराला आतून कडी लावून बसलेल्या बाईला कायदा आला हे कोणी सांगायचं? आम्हीच एकीला सांगितलं होतं, ह्याच फरशीवरून.

“मग सही करायची म्हणतीस?”

“करायची. पण फुकट नाही.”

तेवढ्यात पोरगाच आला. खांद्यावर पोरगी, तिच्या डोक्याला कुंची, काजळाची तीट कानामागं. आक्कांनी लगेच पोरीला फरशीवरून उचलून घेतलं. पोरीनं त्यांच्या पदरावर दूध काढलं. आक्का खूश झाल्या.

“मावशी, अन्नाचं रजिस्ट्रेशन आलं,” तो म्हणाला. “वर्षाला शंभर रुपये फी. आता हैदराबादच्या दुकानात ठेवता येईल.”

“छान. भाकरीला खर्च किती येतो?”

त्यानं खिशातून वही काढली. हे मला आवडलं, फोन न काढता वही काढली. किलोच्या पिठात बारा-चौदा भाकऱ्या. ज्वारी इतकी, दळण इतकं, गॅस इतका, पिशवी, पेट्रोल. ढाबेवाला आठ रुपये देतो. भाकरीमागं अडीच-तीन सुटतात. रोजच्या तीनशे गेल्या तर हप्ता भागून हैदराबादच्या पगाराएवढं होतं, आणि खोलीभाडं नाही.

“तीनशे भाजणार कोण?”

“आई हाय की. आन् ही हाय.”

“वहीत त्यांची मजुरी कुठं लिहिलीस?”

तो वहीत बघायला लागला, जणू कुठंतरी लिहिली असेल. “मावशी, घरच्या माणसाला मजुरी?”

“मग घरच्या माणसाच्या नावावर कर्ज कसं रे चालतं?” आक्का पोरीला थोपटता थोपटता म्हणाल्या.

मास्तर दारातून काहीतरी बोलणार होते. बोलले नाहीत.

मग मी आमच्या अटी सांगितल्या. आक्कांशी त्या आधी ठरलेल्या नव्हत्या, पण त्या मान हलवत गेल्या. एक, सूनबाईच्या नावानं बँकेत खातं, आणि ढाब्याचे पैसे त्यात. दोन, भाकरीमागं भाजणारीला मजुरी, ती वहीत वेगळ्या रकान्यात. शिवाय बाळाला तीन महिने पुरे होईपर्यंत बाळंतिणीनं तव्यापुढं बसायचं नाही. तोवर शेजारच्या दोघींना लावायचं. आधारवरचा पत्ता बदलून आणायचा म्हणजे ते पाच हजार सुटतील. आणि पहिला नफा आला की मशीनचा दुसरा भाग नाही, आधी वाट्या सोडवायच्या.

“एवढ्या अटी बँकेच्या बी नव्हत्या,” तो म्हणाला.

“बँकेला तुझ्या घरात काय शिजतं ते दिसत न्हाई,” आक्का म्हणाल्या. “मला वासावरनं कळतं.”

तो हसला. पेन काढलं आणि वहीत रकाना आखला. “मजुरी किती लिहू? दीड रुपया?”

“हुमनाबादच्या बायका दोन घेतात,” मी म्हटलं.

“अडीच लिही,” आक्का म्हणाल्या.

“अडीच दिले तर मला काय उरलं, आक्का?”

“आठाचे नऊ माग ढाबेवाल्याला. त्याला तुझी मावशी बोलंल.”

मी कधी बोलते म्हणाले होते? पण पोरगी आता आक्कांच्या खांद्यावर झोपली होती आणि त्यानं दोन लिहून खोडलं होतं. सव्वादोनवर अडलाय. बैठक परवा आहे.